एक अख्खं खडकवासला आपल्या रस्त्यांखाली जिरतंय

"देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने."

पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ पाठ आहे. बुधवारी रात्री पिंपं-बादल्या भरून ठेवायच्या आणि शनिवारपर्यंत विसरून जायचं, असा आपला शिरस्ता. पण शुक्रवारी पाणी उशिरा का येतं आणि आल्यावर तासभर गढूळ का असतं, हे एकदा समजून घ्यायला हवं. आपल्या पाण्याचं दुखणं तिथेच आहे.

पुरवठा बंद झाला की मुख्य वाहिनीतलं पाणी उताराकडे ओसरतं. उंचावरचे भाग आधी कोरडे पडतात आणि नळीत पोकळी तयार होते. ही पोकळी बाहेरचं ओढून घेते. जुना सांधा सैल असेल, नळजोडाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) नळी गंजून भोक पडलं असेल आणि शेजारून ड्रेनेज जात असेल, तर बाहेरचं पाणी आत येतं. त्यात खालच्या मजल्यावर कुणी थेट लाइनला मोटार लावली असेल तर ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी पाणी सोडताना आधी नळीतली हवा बाहेर पडावी लागते. त्यासाठी उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह असतात. ते अडकलेले असले की हवेचा फुगा पाण्याची वाट अडवतो आणि लाइन भरायला तासन् तास लागतात. रिकाम्या नळीत पाणी जोरात घुसतं तेव्हा आतल्या गंजाच्या खपल्या सुटतात. शुक्रवारचं ते लालसर पाणी म्हणजे हाच गंज.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं, तेव्हा त्या भुयारी नळाला ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले होते. हवा बाहेर पडायला आणि माणूस आत उतरून गाळ काढायला. बंद नळातून पाणी न्यायचं तर हवेला वाट आणि माणसाला शिरकाव ठेवावा लागतो, हे या शहराला पावणेतीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आज रस्त्याचं डांबरीकरण होताना व्हॉल्व्हच्या चेंबरवरून रोलर फिरतो, झाकण डांबराखाली गाडलं जातं, आणि पुढच्या वेळी लाइन फुटली की व्हॉल्व्ह शोधण्यातच पहिले दोन तास जातात. तोवर पाणी रस्त्यावरून वाहत राहतं.

आता आकड्यांकडे येऊ. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात खडकवासला सगळ्यात लहान, १.९७ टीएमसी. शहराची रोजची उचल दीड हजार एमएलडीच्या (रोजचे दशलक्ष लिटर), म्हणजे दीडशे कोटी लिटरच्या घरात धरू. प्रत्यक्षात ती याहून जास्तच असते. गळतीचा आकडा पालिकेकडूनच अनेकदा ३५ ते ४० टक्के असा सांगितला गेला आहे. तो अगदी शून्यावर आणा असं कुणीही जाणकार म्हणणार नाही. पण समजा, फक्त दहा टक्के पाणी वाचवलं. दीड हजाराचे दहा टक्के म्हणजे रोज १५० एमएलडी. वर्षाचे झाले ५४,७५० दशलक्ष लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८,३०० दशलक्ष लिटर, तेव्हा हे पाणी होतं १.९३ टीएमसी. जवळजवळ एक खडकवासला.

हे पाणी धरणात साठवलेलं, तुरटी-क्लोरीन घालून शुद्ध केलेलं आणि वीज जाळून टाकीत चढवलेलं असतं. ते गमावणं हा सगळ्यात महागडा तोटा आहे. मुळशी धरणाचं पाणी पुण्याला मिळावं या मागणीला विरोध नाही. शहर वाढतंय, पाणी लागणारच. पण भोकं असलेल्या जाळ्यात आणखी पाणी सोडलं तर भोकांनाही आणखी पाणी मिळतं. आणि इथे वाया गेलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशेब कालव्याच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला चुकवावा लागतो. दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत शहर विरुद्ध शेती असा जो ताण होतो, त्यातला बराच भाग आपल्या रस्त्यांखाली तयार झालेला असतो.

गळती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रस्त्यात उडणारं कारंजं येतं. ते खरं तर कमी नुकसानीचं, कारण ते दिसतं, फोन जातात आणि त्याच दिवशी दुरुस्त होतं. खरं पाणी जातं न दिसणाऱ्या बारीक भोकांतून. सहा मिलिमीटरचं, म्हणजे पेन्सिलीपेक्षा जरा बारीक भोक घ्या. नळीत दहा मीटरचा (दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका) दाब असेल तर त्यातून तासाला साधारण ८५० लिटर पाणी जातं. चोवीस तासांचे वीस हजार लिटर. माणशी १३५ लिटरचा निकष धरला तर पाच माणसांच्या तीस घरांचं रोजचं पाणी एका भोकातून. आणि पुण्याच्या काळ्या बेसॉल्टवरच्या मुरुमात ते पाणी वर न येता शेजारच्या पावसाळी गटारात उतरतं. कुणाला पत्ताही लागत नाही.

ही भोकं सगळ्यात जास्त असतात मुख्य वाहिनीवर नव्हे, तर नळजोडावर. मुख्य लाइनवर फेरूल (नळजोड काढण्यासाठीची छोटी तोटी) बसतं, तिथून अर्ध्या-पाऊण इंची नळी घरापर्यंत येते. जीआयची नळी ओल्या मातीत काही वर्षांतच पोखरते. पेठांमध्ये तर आणखी एक प्रकार आहे. जुना वाडा पाडून नवी इमारत उभी राहते. वाड्यात आठ-दहा भाडेकरूंचे वेगवेगळे नळजोड होते, नव्या इमारतीला एकच मोठं कनेक्शन मिळतं. जुने जोड बंद करायचे म्हणजे रस्ता खणून मुख्य लाइनवरचं फेरूल काढून तिथे बूच मारायला हवं. प्रत्यक्षात बरेचदा भिंतीलगत नळी कापून टोक वाकवून ठेवतात. रस्त्याखालची चार मीटर नळी जिवंतच राहते, गंजते, आणि कुणाच्याही नावावर नसलेलं पाणी वर्षानुवर्षं सांडत राहतं. पुनर्विकासाला परवानगी देताना जुने जोड फेरूलपाशी बंद केल्याचा, फोटोसह पंचनामा बंधनकारक केला तर याला पालिकेचा जवळजवळ काहीच खर्च नाही.

जुन्या बिडाच्या नळ्यांचं दुखणं वेगळं. त्या आतून तुंबतात. सहा इंची नळीच्या आत सगळीकडून एकेक इंच गंजाचे गोळे चढले की आतली वाट चारच इंच उरते. रुंदी दोन तृतीयांश राहते, पण वाहून नेण्याची क्षमता जेमतेम एक तृतीयांश. अशा गल्लीत पाणी कमी येतं म्हणून नगरसेवकाकडे तक्रार जाते, दाब वाढवला जातो, आणि वाढीव दाबाने अलीकडचे कमजोर सांधे फुटतात. तिथे नळी बदलणं हाच उपाय. वरून कितीही पाणी सोडून उपयोग नाही.

समान पाणीपुरवठा योजना, जिला सगळे चोवीस तास पाण्याची योजना म्हणतात, याच विचारातून आली. शहराचे १४१ विभाग, ८२ साठवण टाक्या, सुमारे १६०० किलोमीटरच्या नव्या वाहिन्या आणि तीन लाखांवर मीटर असा तिचा आराखडा. विचार बरोबर होता आणि आजही आहे. पण चूक कुठे झाली, हेही स्पष्ट बोलायला हवं. जून २०१७ मध्ये पालिकेने ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले. देशभर कौतुक झालं. त्यानंतर निविदा रद्द होऊन पुन्हा काढाव्या लागल्या. २०० कोटींचं वर्षाचं व्याजच १५ कोटी १८ लाख होतं. म्हणजे आधी जागा, खोदाईची परवानगी, नकाशे आणि निविदा तयार हव्यात, मग कर्ज. यातून धडा एवढाच घ्यायचा की कामाची तयारी आधी हवी. कर्ज काढूच नये, असा अर्थ त्यातून काढू नका. ५० वर्षं टिकणारी नळी एका वर्षाच्या करातून घालायची म्हटलं तर ती कधीच घातली जाणार नाही.

टाक्या बांधून झाल्या, नळ्या टाकून झाल्या की पाणी चोवीस तास सोडा, असंही करता येत नाही. सहा मिलिमीटरचं तेच भोक घ्या. चार तास पुरवठा असताना त्यातून साडेतीन हजार लिटर जायचे. चोवीस तास दाब राहिला की वीस हजार. गळती न काढता चोवीस तास पाणी दिलं तर टाकी दुपारीच रिकामी होते आणि लोक म्हणतात योजना फसली. म्हणून क्रम पाळावा लागतो. एक विभाग घ्यायचा, त्याच्या सीमेवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद होतात का ते तपासायचं, आत येणाऱ्या वाहिनीवर मोठा मीटर बसवायचा. मग रात्री दोन ते चार या वेळात मोजायचं. शहर झोपलेलं असताना जे पाणी वाहतं ते बहुतांश गळती. इथे आपल्याकडची एक अडचण म्हणजे सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या रात्रीच भरत असतात, त्यामुळे मोजणीच्या रात्री त्यांच्या तोंडचे व्हॉल्व्ह बंद ठेवावे लागतात. पुढे एकेक गल्ली बंद करत जायचं. ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवल्यावर आकडा धाडकन खाली येतो, तिथे आवाज ऐकणारी यंत्रं लावून भोक शोधायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा मोजायचं. एका विभागाला हे करायला चिकाटीने काम करणारी पाच-सहा माणसं आणि अनेक आठवडे लागतात. उद्घाटनाचा नारळ फोडता येईल असं यात काही नाही. म्हणूनच यासाठी स्वतंत्र तरतूद मागावी लागते.

मीटरबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती समजण्यासारखी आहे. आज घरगुती पाणीपट्टी मिळकतकरातूनच जाते, कितीही वापरा. मीटर आला की बिल वाढेल, असं वाटतं. पण मीटर नसेल तर त्या ३५-४० टक्क्यांतलं खरं गळणारं किती, चोरीचं किती आणि बेहिशेबी वापराचं किती, हे कुणीच वेगळं करू शकत नाही. मग सगळं गळतीच्या नावावर खपतं. मीटर जरूर बसवा, मात्र काही अटींवर. माणशी १३५ लिटरपर्यंतचा वापर आजच्याच दरात. त्यापुढे चढता दर. आणि ज्या विभागात पुरवठा अजून अखंड झालेला नाही, तिथे मीटरवर बिल लावायचं नाही. कारण पाणी येण्याआधी नळीतली हवा सुटते तेव्हा चकतीचा मीटर हवेवरही फिरतो. लोकांना हवेचं बिल दिलंत तर ते मीटर उखडून टाकतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

समाविष्ट गावांचा प्रश्न सगळ्यात तातडीचा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. इमारती आधी आल्या, कर आला, जलवाहिनी मागे राहिली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांना कळलं की तिथल्या बऱ्याच भागाला विहिरीतलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरीन टाकून दिलं जात होतं. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असून! क्लोरीन गाळणीचं काम करत नाही. पाण्यात गाळ आणि सेंद्रिय घाण असेल तर क्लोरीन तिथेच खर्च होतो आणि शेवटच्या नळापर्यंत काही उरत नाही. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक हवा. तो तपासायचं किट स्वस्त असतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंगपट्टीशी जुळवायचं. प्रत्येक सोसायटीने आठवड्यातून एकदा हे करावं आणि रंगच आला नाही तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी. पण हे झालं पहाऱ्याचं काम. खरं काम म्हणजे या गावांसाठी शुद्धीकरणाची क्षमता, टाक्या आणि वितरणाच्या नळ्या. टँकरवर दरवर्षी जाणारा पैसा परत येत नाही. नळीवर गेलेला पैसा पन्नास वर्षं चालतो.

पन्नास वर्षांवरून आणखी एक साधं गणित. नळीचं आयुष्य ५० वर्षं धरलं तर दरवर्षी जाळ्याचा २ टक्के भाग बदलायलाच हवा. एखाद्या वर्षी अर्धाच टक्का बदलला तर बाकी दीड टक्का पुढच्या पिढीवर चढतो. नवी योजना भांडवली खर्चात दिसते, तिला निधी मिळतो. गळतीशोध पथक, व्हॉल्व्हमन, सुटे भाग, चेंबरची उंची वाढवणं हे सगळं महसुली खर्चात येतं आणि काटछाट तिथेच सुरू होते. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे ज्याला तोंडपाठ असतं तो व्हॉल्व्हमन निवृत्त होतो, त्याच्या जागी कंत्राटी मुलगा येतो, आणि नकाशा कुणाकडेच नसतो. आज जे व्हॉल्व्हमन कामावर आहेत त्यांना सोबत घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, आकार आणि फेऱ्यांची संख्या नोंदवून घेणं हे एका वर्षात होण्यासारखं काम आहे. दहा वर्षांनी ते कितीही पैसे टाकले तरी होणार नाही, कारण सांगणारं कुणी उरणार नाही.

पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. यंदा बाकांच्या आणि कमानींच्या जागी हे लिहा: आमच्या विभागाचा मोठा मीटर बसवून दर महिन्याचं आत आलेलं पाणी आणि रात्रीचा किमान प्रवाह पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा, गाडली गेलेली व्हॉल्व्ह चेंबर शोधून रस्त्याच्या पातळीला आणावीत, बंद पडलेले जुने नळजोड फेरूलपाशी तोडावेत. खाली गल्लीचं नाव, जवळची खूण, आणि तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं ते लिहा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.