‘लॉगिनला हँग? लगेच फॉरमॅट मारा’ म्हणे!

गेले काही दिवस आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पासवर्ड टाकल्यावर पीसी हँग होत असेल तर पाच उपाय: फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, मदरबोर्डचा सेल बदला, रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही ‘साफ’ करणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि तोवर बटण दाबून बंद-चालू करत राहा. खाली ‘शंभर टक्के खात्रीशीर’. उद्यमनगरात माझ्या मावसभावाचं टर्निंगचं वर्कशॉप आहे. त्यानं हे वाचून विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून ठेवला आणि मग मला फोन केला. क्रम उलटा, पण फोन केला हे नशीब.

आधी फॉरमॅटचंच बघू, कारण खरं नुकसान तिथं होतं. त्याच्या पीसीवर पासवर्ड टाकला की ‘वेलकम’जवळचे ठिपके फिरायचे आणि दोनेक मिनिटांत तेही थांबायचे. नम लॉक दाबून बघितलं, कीबोर्डवरचा दिवा हलेना. म्हणजे नुसता स्क्रीन नाही, आतलं सगळंच थिजलेलं. शेजारचं लेथ बंद करायला लावून सीपीयूला कान लावला, तर हार्डडिस्क टक्... टक्... करत होती. ती काढून माझ्या पीसीला जोडली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं. पिवळी खूण, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कला धड वाचता न येणारे तुकडे) समोर जिथं शून्य हवं तिथं आकडा.

लॉगिन करताना विंडोज तुमची प्रोफाइल उघडतं, म्हणजे तुमच्या फोल्डरमधली एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल वाचतं. ती खराब सेक्टरवर असली की डिस्क तोच तुकडा परत परत वाचायला बघते आणि बाकी सगळे रांगेत. म्हणून लॉगिनचा स्क्रीन नीट येतो आणि पुढं गाडं अडतं.

‘पण आमचा फॉरमॅटनंच नीट झाला’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्या सेक्टरवर नव्यानं काही लिहिलं गेलं की डिस्क तो बाजूला टाकून राखीव सेक्टर वापरायला घेते. कधी विंडोजच्या फाइली दुसऱ्या, धडधाकट जागी जाऊन बसतात. मग महिना-दोन महिने सगळं झकास. डिस्क मात्र टेकलेली ती टेकलेलीच, आणि जुना डेटा गेलेला. भावाची सहा वर्षांची बिलं त्याच डिस्कवर होती, आणि बॅकअप विचारला तर ‘करायचाय’. आधी बिलं उतरवून घेतली, मग एसएसडी (आत फिरते भाग नसलेली डिस्क) टाकली, मग विंडोज. त्याचा पेनड्राइव्ह वाया गेला नाही, फक्त तिसऱ्या पायरीला कामाला आला. डिस्क अशी टकटक करत असेल तर डेटा निघायच्या आधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) सुद्धा चालवू नका, तासन्‌तास घासून ती उरलेला जीवही सोडते.

रॅम वाढवा म्हणे. रॅम कमी पडली तर पीसी रडतखडत चालतो, पण दहा मिनिटांनी का होईना, डेस्कटॉप येतो. रॅम खराब असणं वेगळं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, किंवा विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक चालवा. पावसाळ्यात आपल्याकडं पट्टीची टोकं काळवंडतात, खोडरबरानं पुसून कित्येक पीसी उठलेले मी बघितलेत. त्याला चार पैसे लागत नाहीत.

सेल ३ व्होल्टचा, घड्याळ आणि बायोसचं (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) सेटिंग सांभाळायला. तो संपला तर तारीख मागं जाते. लॉगिनला हँग होण्याशी त्याचा संबंध नाही.

क्लीनरला हात लावू नका. आणि मुळात लॉगिनच होत नसेल तर तो चालवणार कुठून, हे मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक! डिस्क चांगली असेल तर लॉगिन स्क्रीनवरच शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, तिथून परत रीस्टार्ट, मग ४ दाबा: सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालणारं विंडोज. त्यात नीट चालला तर बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा सुरू होताना घुसणारं एखादं सॉफ्टवेअर निघतं. दुसऱ्या युजरनं लॉगिन होत असेल तर गडबड तुमच्या प्रोफाइलमध्ये. ऑफिसात लॅनची वायर काढूनही एकदा बघा. बंद पडलेल्या सर्व्हरवरचा ड्राइव्ह शोधत बसलेले पीसी कमी नाहीत.

राहिलं बटण. त्यात खरं एवढंच, की विंडोज सुरू होतानाच दोन-तीनदा वीज तोडली तर दुरुस्तीचा स्क्रीन आपोआप येतो. पण इथं विंडोज सुरू झालेलं असतं, अडतं ते लॉगिनला, त्यामुळं त्याचा भरवसा नाही. उलट दर वेळी लिहिता-लिहिता फाइल तुटण्याचा धोका. आणि ‘मी तर रोज शटडाउन करतो’ म्हणत असाल, तर फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे, विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच झोपवलेला असतो. खरं ताजं सुरू होतं ते रीस्टार्टनं. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे चार वर्षं ह्याला मी झोपवतच होतो?’