तुमच्या तक्रारीला उत्तर : टॅब मागितला असताना लॅपटॉप का सुचवला

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. किती तारे द्यायचे हा तुमचा अधिकार, त्यावर मी काही बोलणार नाही. पण फिरतीच्या कामाला टॅब घ्यावा की हलका लॅपटॉप, हा प्रश्न आमच्या फोंड्याच्या दुकानात रोज कुणी ना कुणी घेऊन येतं, आणि तुम्ही लिहिलेलं ते लोकही वाचणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या कामाबद्दल तुम्ही स्वतः इथे जेवढं सांगितलंय, तेवढ्यावरच बोलेन.

तुमचं म्हणणं असं आहे: तुम्ही हॉस्पिटलांना यंत्रसामग्री पुरवता, बेळगाव, कोल्हापूर, मुंबई अशी फिरती असते, टेंडरही भरता. कीबोर्डवाला टॅब घ्यायला आलात आणि आम्ही ‘पोलिसांसारखे प्रश्न विचारून’ सव्वा किलोचा लॅपटॉप तुमच्या गळ्यात मारला. आता तो जड होतो, बॅटरी दुपारपर्यंत संपते, चार्जरचं ओझं वेगळंच, मुंबईच्या गाडीत नेट मिळालं नाही. बदलून मागितला तर नाही म्हटलं. पुण्यातला तुमचा मित्र मात्र सगळं टॅबवर करतो.

प्रश्न आम्ही विचारतो, आणि पुढेही विचारू. बाहेरगावी असताना कोणतं काम अडलं तर तुमचं नुकसान होतं, हे कळल्याशिवाय मी एवढ्या किमतीची वस्तू कुणाच्या हातात देत नाही. रोजची शंभर कामं टॅबवर होतील, मेल, व्हॉट्सअॅप, व्हिडिओ मीटिंग, पीडीएफ, फोटो. त्यात टॅब कुठेच कमी पडत नाही. पण निवड त्या शंभरावर करायची नसते. जे एक काम टाळता येत नाही आणि दुसऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाही, त्यावर करायची असते. तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे टेंडर.

टेंडर भरताना डिजिटल सिग्नेचर लागते. ती पेनड्राइव्हएवढ्या यूएसबी टोकनमध्ये असते. टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते संगणकाला ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम, आधी बसवावा लागतो, मग पोर्टलवर सही करणारा प्रोग्रॅम. केंद्राच्या ई-प्रोक्युअरमेंटच्या पोर्टलवर ज्यांनी एकदा तरी बोली भरली आहे, त्यांना जावा या सॉफ्टवेअरची कटकट माहीत आहे. ही सगळी रचना संगणक डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. टॅबला टोकन जोडून तिथे बसाल तर पुढे सरकता येत नाही. जीएसटीचंही तसंच. प्रोप्रायटर असाल तर मोबाइलवरच्या ओटीपीने रिटर्न भरून मोकळे होता, पण प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सिग्नेचरला पर्याय नाही. बोलीची मुदत दुपारी तीनला संपत असेल आणि तुम्ही कोल्हापूरच्या लॉजवर असाल, तर टॅब कितीही हलका असला तरी त्याचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट कोटेशनच्या एक्सेल शीटची. अनेक कंपन्या वितरकांना मॅक्रो घातलेली शीट देतात. बटण दाबलं की दर, कर, सवलत धरून कोटेशन तयार. आयपॅडवरच्या आणि अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. शीट उघडते, आकडे दिसतात, बटण दाबलं की काहीच होत नाही. शिवाय १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्याच्या टॅबवर एक्सेलमध्ये नुसते बदल करायचे म्हटलं तरी मायक्रोसॉफ्टची वर्गणी भरावी लागते. हे बहुतेकांना टॅब घेऊन घरी गेल्यावर कळतं. टॅली वापरणाऱ्यांसाठीही हेच: ती विंडोजवर चालते, टॅबवर फार तर रिपोर्ट बघता येतात.

आता वजन. आमच्या काउंटरवर कुरिअरचे पार्सल मोजायचा काटा आहे. वजनाची शंका असलेल्या माणसाला मी बोलत बसत नाही, वस्तू काट्यावर ठेवतो. १३ इंची आयपॅड एअर एकटा ठेवला तर ६१७ ग्रॅमच्या आसपास. मग त्याला कंपनीचा कीबोर्ड लावायचा. तो टॅबपेक्षाही किंचित जड असतो, कारण पडदा मागे कलंडू नये म्हणून त्याचा तळ भारी करावाच लागतो. दोन्ही मिळून काटा सव्वा किलोच्या पुढे जातो. शेजारी १३ इंची मॅकबुक एअर ठेवला तर १.२४ किलो. हे बघितल्यावर बरेच जण काट्याकडे पुन्हा वाकून बघतात. टॅब हलका असतो तो कीबोर्डाशिवाय. ज्याला फिरतीवर रोज पानभर टाइप करायचंय, त्याच्या बॅगेतलं वजन टॅब घेतल्याने कमी होत नाही.

आणि ‘गळ्यात मारला’ या शब्दांबद्दल. टॅब दिला असता तर त्यासोबत कीबोर्ड, पेन, कव्हर, काच हे सगळं विकता आलं असतं, आणि दुकानदाराला फायदा या जोडवस्तूंतच जास्त असतो. तुम्हाला लॅपटॉप देण्यात माझा जादा लाभ काहीच नव्हता. हे वाईट वाटून लिहितोय, कारण याच बाजारात मला वर्षानुवर्षं त्याच माणसांना तोंड दाखवायचं असतं.

बॅटरीची तक्रार मात्र खरी आणि महत्त्वाची आहे. तुम्ही लिहिलंय की सकाळी शंभर टक्के होती आणि बॅगेतून काढला तेव्हा लॅपटॉप गरम, बॅटरी साठवर. हे वापरामुळे होत नाही. हल्लीचे विंडोज लॅपटॉप झाकण मिटलं तरी पूर्ण झोपत नाहीत. फोनसारखे आतून जागे राहतात, मेल आणतात, अपडेट शोधतात. बंद बॅगेत हवा लागत नाही, मशीन तापतं आणि बॅटरी उतरते. उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ करा, म्हणजे चालू काम जपून मशीन पूर्ण बंद होतं. उघडल्यावर सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त जातील, पण सकाळचे शंभर दुपारी शंभरच सापडतील. गाडीत काम करताना पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा आणि पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणा.

याहून जास्त बॅटरीचे लॅपटॉप होते की, असं कुणी म्हणेल. होते. २०२४पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप आलेत आणि बॅटरीच्या बाबतीत ते सरस आहेत. पण त्यांचा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे फोनमध्ये असतो तसा, इंटेलहून वेगळा. साधे प्रोग्रॅम त्यांवर रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हर तसा चालत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. जुन्या टोकनला असा ड्रायव्हर मिळेलच याची खात्री देता येत नाही, आणि ज्याची खात्री नाही ते टेंडर भरणाऱ्या माणसाला मी देणार नाही. बॅटरीचे दोन-तीन तास कमी झाले तरी चालतील, सही अडता कामा नये, या हिशेबानेच इंटेलचं मशीन सुचवलं होतं. टेंडर न भरणाऱ्या कुणाला मी आजही बेधडक स्नॅपड्रॅगन सुचवेन.

चार्जरचं ओझं निष्कारण वाहताय. तुमचा लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होतो, त्यामुळे डब्यात आलेली ती वीट घरी ठेवा आणि ६५ वॅटचा गॅन चार्जर घ्या. मुठीत मावतो, फोनही त्यावरच होतो. पॉवर बँक घेणार असाल तर त्यावर पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीतून जास्त वीज देणारी पद्धत) आणि किमान ४५ वॅट लिहिलेलं बघा. फोनची साधी पॉवर बँक लॅपटॉपला पुरत नाही. विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते आणि १०० वॅट-अवरपर्यंतच विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर होते, म्हणजे मोपा विमानतळावर अडचण येत नाही.

गाडीतल्या नेटबद्दल: मडगावहून मुंबईला जाताना कोकण रेल्वेचे बोगदे लागतात, रत्नागिरीजवळचा करबुडे तर एकटाच साडेसहा किलोमीटरचा. डोंगराच्या पोटात सिम टॅबमध्ये असलं काय नि फोनमध्ये असलं काय, रेंज जाणारच. बेळगावला जाताना चोर्ला घाटातही तेच. निघायच्या आधी लागणाऱ्या फाइली वनड्राइव्हमध्ये ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवा, मग बोगद्यातही काम थांबणार नाही. सिमवाल्या टॅबचा फायदा एवढाच की फोनचा हॉटस्पॉट लावत बसावं लागत नाही. सोय आहे, पण त्यासाठी मशीन बदलावं एवढी मोठी नाही.

तुमच्या मित्राचं काम मला माहीत नाही, पण ते टॅबवर होत असेल यात नवल नाही. मी टॅबच्या विरुद्ध मुळीच नाही. औषध कंपनीचे प्रतिनिधी आमच्याकडे येतात त्यांना मी टॅबच देतो. डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभ्या उभ्या मिनिटभरात चित्र दाखवायचं, सही घ्यायची, फोटो काढून पाठवायचा, तिथे लॅपटॉप उघडायला जागाही नसते नि वेळही. साइटवर फिरणारे इंजिनिअर, नकाशावर पेनाने खुणा करणारे आर्किटेक्ट, त्यांनाही टॅब. आणि आपल्या पावसाचा मुद्दा तर सरळ टॅबच्या बाजूने जातो: सॅमसंगच्या एस ९ मालिकेचे टॅब आयपी६८ दर्जाचे आहेत, पाण्याला दाद देत नाहीत; लॅपटॉपला आषाढात जपावंच लागतं. फक्त स्वस्तातला टॅब घेणाऱ्यांनी एक गोष्ट विचारूनच घ्यावी, त्याच्या टाइप-सीमधून चित्र बाहेर जातं का. कित्येकांतून जात नाही, आणि ते हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरची वायर हातात आल्यावर लक्षात येतं.

बदलून देण्याबद्दल: सील फोडून चालू केलेलं मशीन कंपनी परत घेत नाही. हे बिलावर छापलेलं आहे आणि पैसे घेण्याआधी तोंडीही सांगितलं जातं. हा नियम मी सगळ्यांना सारखाच लावतो, त्यामुळे इथे लिहिलं म्हणून तो बदलता येणार नाही.

पण मशीन वाऱ्यावर सोडणार नाही. पुढच्या फिरतीच्या आधी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान या, त्या वेळी गर्दी नसते. लॅपटॉपबरोबर टोकनही आणा. हायबरनेट आणि पॉवरची सेटिंग्ज समोर बसून करून देतो, बॅटरीचा रिपोर्ट काढून तिची क्षमता ठीक आहे का तेही बघू, आणि ती खरंच कमी निघाली तर वॉरंटीची तक्रार मीच नोंदवतो. गॅन चार्जर इथेच लावून बघा, पटला तर घ्या. टोकनवर एक चाचणी सही करून बघू, म्हणजे बाहेरगावी असताना फोन करायची वेळ येणार नाही.