पुराची पेटी

कोल्हापुरात जुलै उजाडला की माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं सोडून देतात. 'किती फुटाला हाय?' एवढंच विचारतात. कशाचे फूट, कुठले फूट, हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 वर धोका पातळी, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी पहिला उघडल्याचं मोबाईलवर आलं, की आमच्या गल्लीतल्या बायका रवा आणायला पळतात. रवाच का, हे मला आजवर उमगलेलं नाही. महापुरात उपमा खायचा असतो असा काही तरी कुळाचार असावा.

पण हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. 2019 च्या ऑगस्टात नदी 55 फुटांच्या वर गेली. शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली, त्यामुळं गावात ना दूध, ना भाजी, ना पेट्रोल. आणि वरकडी म्हणजे पाणी उपसायची केंद्रंच बुडाल्यामुळं नळ कोरडे ठाक. चहूकडं पाणीच पाणी, आणि आम्ही भर पावसात छत्री सावरत टँकरमागं कळश्या घेऊन उभे. 2021 च्या जुलैत परत तोच खेळ. त्यानंतर बायकोनं जाहीर केलं, "आता बास. घरात पुराची पेटी पाहिजे."

बायको हिशोबाला पक्की. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर, माणसं पाच, दिवस तीन, म्हणजे 60 लिटर. मी म्हटलं, "तीन दिवसांत हायवे सुरू होतोय होय?" मग सहा दिवस धरले आणि 120 लिटर झाले. जुन्या बाजारात निळी पिंपं स्वस्त मिळतात, पण त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एकाचं झाकण उघडल्यावर आतून फिनेलचा असा भपकारा आला, की पुरात न मेलेला माणूस त्या पाण्यानं नक्की गेला असता. शेवटी नवं कोरं पिंप घेतलं, वर दोन कॅन घेतले, आणि सगळं भरून मागच्या गॅलरीत मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि आईनं पिंप ओतून टाकलं.

"अहो आई, ते पुरासाठी होतं!"

"असू दे की. शिळं झालं होतं. पूर आला म्हणून काय शिळं पाणी प्यायचं?"

आईचं बरोबर-चूक ठरवायची आमच्यात कुणाची शामत नाही. नळ आला की कालचं पाणी ओतायचं, हा तिचा साठ वर्षांचा नेम. नदी काठ सोडून वाहते, पण आई नेम सोडत नाही. बायकोनं मोठ्या मिनतवारीनं तिला समजावलं, तुरटीची शपथ घातली, क्लोरीनच्या थेंबांची बाटली दाखवली. आई एकदाची 'बरं' म्हणाली आणि पिंप पुन्हा भरलं.

मग आरोग्य खात्याची ताई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. तिनं पिंपात प्रकाश टाकला आणि म्हणाली, "काका, वळवळतंय बघा." डेंग्यूचा डास गटारात जात नाही, त्याला आपल्यासारखंच स्वच्छ, साठवलेलं, स्थिर पाणी आवडतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी घासून पुसून वाळवा, झाकण घट्ट लावा, असं सांगून तिनं 120 लिटर गटाराला लावले. आई दारात उभी राहून समाधानानं बघत होती. तिनं ताईला चहा पाजला. तेव्हापासून पुराची पूर्वतयारी म्हणून आम्ही दर रविवारी मागच्या गॅलरीत छोटा पूर आणतो.

पाणी निदान कुणी खात तरी नाही. खाण्याच्या पेटीचं दुखणं वेगळं. आजीच्या वेळची पत्र्याची ट्रंक बायकोनं घासून पुसून घेतली. तांदळाला बोरिक पावडर, तूरडाळीला एरंडेलाचा हात, रवा भाजून, पोहे निवडून, शेंगदाणे, साबुदाणा, दुधाची पावडर, बिस्किटं, कांदा-लसूण चटणी, जयसिंगपूरचं भडंग, काडेपेट्या सादळू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, मेणबत्त्या. झाकणाच्या आतल्या बाजूला यादीचा कागद चिकटवला. खाली ठळक अक्षरात, 'फक्त आपत्कालासाठी.'

हीच खरी मेख. आपत्काल कशाला म्हणायचं याबद्दल आमच्या घरात एकवाक्यता नाही. तो कागद मी परवा नीट वाचला. 'भडंग 1 किलो' याच्यापुढं मुलाच्या अक्षरात 'थोडं घेतलं (मॅच)'. त्याखाली 'थोडं घेतलं (सुपर ओव्हर)'. साबुदाण्यापुढं आईची गिचमिड, 'एकादशी'. दुधाच्या पावडरीपुढं बायकोच्या वळणदार अक्षरात, 'पाहुणे आले, दूध नासलं'. मेणबत्त्यांपुढं मुलीनं 'वाढदिवस' लिहून पुढं हसरा चेहरा काढला होता. बिस्किटांपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं, पण पुडे नव्हते, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. तांदूळ तेवढे शाबूत होते. त्यांना बोरिकमुळं टोकाही शिवला नव्हता आणि आम्हीही.

पुन्हा माल भरला गेला, आणि या खेपेला बायकोनं ट्रंकेला कुलूप घातलं. किल्ली कुणाकडं ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. माझं नाव कुणी सुचवलंच नाही. शेवटी किल्ली आईच्या बटव्यात गेली, कारण आईच्या बटव्यातून आजवर कुणी काही काढू शकलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात पाणी 43 फुटांवर गेलं. शुक्रवार पेठेतली आत्ती सालाबादप्रमाणं बिऱ्हाडासकट आमच्याकडं आली. सोबत लोणच्याच्या चार बरण्या, कपड्यांचं एक गाठोडं आणि टीव्ही. भाजीवाला येईनासा झाला, दूध अर्ध्यावर आलं, रात्री लाईट गेले. मी अंधारात चाचपडत आईकडं गेलो.

"आई, किल्ली दे. आता काढायला पाहिजे."

"कशाला रे?"

"कशाला म्हणजे? धोका पातळी ओलांडली!"

"ती नदीनं ओलांडली," आई म्हणाली. "आपल्या गल्लीत पाणी येऊ दे, मग देते."

आमची गल्ली उंचावर आहे. तिथं पंचगंगा यायची तर निम्मं कोल्हापूर आधी बुडावं लागेल. आत्तीनं अंधारातच एक बरणी उघडली आणि विचारलं, "भाताबरोबर मिरचीचं खाणार का लिंबाचं?"