काच सोडून बाकी सगळे

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात घर घेणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कळून चुकते की नुसत्या हीटरच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही; कारण बर्फाच्या ओझ्याने एखादी फांदी तारांवर पडली की वीज जाते, वीज गेली की तळघरातली तेलावर चालणारी भट्टीही गप्प होते, आणि बाहेर उणे वीस अंश सेल्सिअस असताना घराची सारी भिस्त लाकडाच्या शेगडीवर येऊन पडते. ही शेगडी म्हणजे बिडाची एक अवजड पेटी असून ती धुराड्याला जोडलेली असते, तिला पुढून दार असते आणि त्या दाराला काच असते. आईला ती व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "अरे, चुलीला काच? मग फुंकायचं कुठून?"

यंदा ऐन जानेवारीत या काचेला खालच्या कोपऱ्यापासून थेट वरपर्यंत तडा गेला. अशा काचा बहुधा दोन कारणांनी जातात. एक तर आत घातलेला ओंडका दोन बोटे लांब निघतो आणि दार लावताना काचेवर आदळतो, किंवा पूर्वी कोणीतरी काच दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवलेले असतात. पहिले कारण धरले तर आमच्या घरात संशयित दोनच आहेत आणि त्यांतला एक हा लेख लिहीत असल्यामुळे, मी दुसऱ्या कारणाचा पक्ष घेतला आहे. कारण काहीही असो, तडा गेलेल्या काचेनिशी शेगडी पेटवता येत नाही. फटीतून हवा शिरू लागली की आग आपल्या ताब्यात राहत नाही, आणि काच निखळली तर निखारे थेट लाकडी जमिनीवर येतात.

ही काच साधी नसते. टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली काच साधारण अडीचशे अंशांपर्यंत तग धरते आणि शेगडीच्या दारात तेवढ्याने भागत नाही. तिथे सिरॅमिक काच लागते, जी सातशे अंशांचा ताप सोसूनही जवळजवळ प्रसरण पावत नाही. तिचा जन्मही अपघातानेच झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत 1953 साली डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा एक नमुना सहाशे अंशांवर तापायला ठेवला होता. भट्टीचे नियंत्रण बिघडून पारा नऊशेवर गेला. आत काचेचे थारोळे झाले असणार, या समजुतीने त्यांनी दार उघडले, तर नमुना अखंड होता, आणि बाहेर काढताना चिमट्यातून निसटून जमिनीवर पडला तरी तो फुटला नाही. हा इतिहास मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितला, तेव्हा जमिनीवर पडूनही न फुटणारी काच आपल्याकडे जागच्या जागी कशी फुटली, असे पत्नीने अत्यंत शांतपणे विचारले.

नवी काच मागवताना चौकटीचे माप घेऊन त्यातून थोडे कमी करायचे असते, कारण तापल्यावर लोखंड हलते आणि काच हलत नाही. ती ठरल्या दिवशी आली, मापात बरोबर निघाली, कुठे टवका गेलेला नव्हता. या संपूर्ण प्रकरणात समंजसपणे वागलेली तेवढीच एक वस्तू.

खरे प्रकरण स्क्रूंचे होते. वर्षानुवर्षे तापून, थंड होऊन आणि राख खाऊन ते चौकटीशी असे एकजीव झाले होते की कुठे बीड संपते आणि कुठे स्क्रू सुरू होतो हे बोटाने चाचपूनही कळेना. इथे सासऱ्यांचा प्रवेश झाला. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले अभियंता असून, आमच्याकडे रात्र असते तेव्हा पुण्यात सकाळ असल्यामुळे, चहाचा कप घेऊन प्रसन्न चित्ताने व्हिडिओ कॉलवर उपलब्ध असतात. "जावईबापू, घाई करू नका. तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. आणि सोडवायच्या आधी किंचित आवळा, म्हणजे गंजाची पकड सुटते." सल्ला शंभर टक्के बरोबर होता. तीन स्क्रू कुरकुरत का होईना, पण सुटले. चौथ्याने आधी आपल्या डोक्यावरची खाच गुळगुळीत करून घेतली, मग डोकेच माझ्या हातात दिले आणि धड चौकटीत ठेवले. ते ड्रिलने कोरून काढणे आणि त्या भोकात नवे आटे पाडणे हे काम ज्याने केले आहे त्याला मी वेगळे काही सांगायला नको, आणि ज्याने केलेले नाही त्याला सांगून पटणार नाही. त्यातच फोन पत्नीच्या हातात असल्यामुळे सासऱ्यांना बराच वेळ स्क्रूऐवजी माझे टक्कल दिसत होते आणि ते त्यालाच उद्देशून "थोडं डावीकडे घ्या" म्हणत होते.

मग दोरीची पाळी आली. फटीतून हवा शिरू नये म्हणून दाराच्या कडेच्या खोबणीत काचतंतूंची जाड दोरी बसवलेली असते आणि काचेच्या कडांना त्याच जातीची चपटी पट्टी गुंडाळतात. जुनी दोरी खरवडून काढताना उडणारे तंतू मनगटावर बसले की खाजकुयली परवडली असे वाटते. नवी दोरी बसवताना ती अजिबात ताणायची नाही, कारण ताणली की बारीक होते आणि दार नीट बसत नाही. पण हातात दोरी आली की माणूस ती ताणतोच.

शेवटी काच ठेवून पट्ट्यांचे स्क्रू, पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून वंगण लावून, जेमतेम हाताला लागतील एवढेच आवळायचे होते. हयातभर गळक्या नळजोडांशी लढलेल्या सासऱ्यांना हा ढिलेपणा बघवेना. "अजून एक फेरा द्या हो!" असा आग्रह सुरू झाला. "बाबा, त्यानेच फुटते ती," मी म्हणालो. "आमच्या वेळी असं काही फुटत नव्हतं," ते म्हणाले. मी फेरा दिला नाही आणि लग्नानंतर प्रथमच त्यांचा शब्द मोडला. पत्नीने फोन हळूच छताकडे वळवला.

दार नीट बसले की नाही हे पाहण्याची इथली रीत अशी की दारात डॉलरची नोट धरून दार लावायचे आणि नोट ओढून पाहायची. ती सहज निघाली तर तिथे फट आहे असे समजायचे. बिजागरीकडच्या बाजूला नोट जागची हलली नाही, कडीकडच्या बाजूला सुळकन निघाली. कडी थोडी आत घेऊन मी पुन्हा जोर लावला, तेव्हा अर्धी नोट माझ्या हातात आली. चाचणी उत्तम झाली, असा आम्ही निष्कर्ष काढला.

पहिला जाळ लहान ठेवायचा असतो, कारण दोरीचा चिकटा तापून पक्का व्हावा लागतो. तो पक्का होताना आणि स्क्रूंवर रात्रभर मुरलेले तेल जळताना जो उग्र दर्प सुटतो, त्यावर सगळ्या खिडक्या उघडण्यावाचून इलाज नसतो. बाहेर उणे पंधरा होते. आम्ही दोघे कानटोप्या आणि जाकिटे घालून शेगडीसमोर बसलो आणि बर्फाळ वाऱ्यात नव्या काचेतून जाळ पाहू लागलो.

"दिसतं मात्र छान," पत्नी दातखिळी सांभाळत म्हणाली.