‘मार्जिन साफ, पीएसए शून्य, म्हणजे कॅन्सर संपला’? नाही!

कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढलेल्यांच्या घरोघरी एक संदेश फिरतोय: मार्जिन (काढलेल्या ग्रंथीची कड) निगेटिव्ह आणि पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन) शून्य आला की तपासण्या बंद करा, पुढे पीएसए वाढलाच तर कॅन्सर पसरलेला असतो, मग काही करता येत नाही. यातली एकही गोष्ट खरी नाही. यावर विसंबून कोणी तपासणी चुकवू नये, म्हणून हे मुद्देसूद उत्तर.

‘मार्जिन साफ म्हणजे धोका नाही.’
काढलेल्या ग्रंथीला पॅथॉलॉजिस्ट बाहेरून शाई लावतात आणि मग तिचे काप करतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या नसल्या की मार्जिन निगेटिव्ह. हे उत्तर फक्त कापलेल्या कडेपुरतं आहे. शस्त्रक्रियेआधीच रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून निसटलेल्या पेशी त्यात दिसणार कशा?

म्हणून रिपोर्ट पूर्ण वाचावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर कॅन्सर परतण्याचा धोका सांगणाऱ्या कॅप्रा-एस गुणांकनात सहा गोष्टी मोजतात: शस्त्रक्रियेआधीचा पीएसए, ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात याचे दोन आकडे; आधी सर्वांत जास्त आढळणाऱ्या पेशींचा), मार्जिन, ग्रंथीच्या आवरणाबाहेर वाढ, शुक्राशयात शिरकाव, लसिकाग्रंथी. जास्तीत जास्त गुण १२. समजा दोघांचंही मार्जिन साफ आहे आणि लसिकाग्रंथीही. पहिल्याचा आधीचा पीएसए ८ (१ गुण), ग्लीसन ३+४ (१ गुण), बाकी काही नाही. बेरीज २, म्हणजे कमी धोका. दुसऱ्याचा पीएसए १४ (२), ग्लीसन ४+३ (२), आवरणाबाहेर वाढ (१), शुक्राशयात शिरकाव (२). बेरीज ७. सहा आणि त्यापुढे जास्त धोका धरतात. ग्लीसनमध्ये बेरीज दोघांचीही ७च, पण आधी ३ आहे की ४, यानेच एका गुणाचा फरक पडला.

‘पीएसए शून्य आला, आता तपासणी कशाला?’
रिपोर्टवर शून्य नसतं, ‘०.१ पेक्षा कमी’ असं असतं. ती त्या यंत्राची मर्यादा. पहिली तपासणी साधारण सहा आठवड्यांनी करतात, कारण आधीचा पीएसए रक्तातून उतरायला वेळ लागतो. घाईने केली तर उगाच घाबरायला होतं. पुढे दर वेळी एकच लॅब ठेवा. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. कॅन्सर पाच वर्षांनंतरही परततो, तेव्हा मध्येच थांबू नका.

‘पीएसए वाढला म्हणजे सगळं संपलं.’
या वाक्याने माणूस उपचाराआधीच खचतो, म्हणून याचा सर्वांत जास्त राग येतो. ०.२ किंवा अधिक आकडा दोनदा आला की कॅन्सर परतला असं मानतात. पण खरं भाकीत वेगात असतं: पीएसए दुप्पट व्हायला किती महिने लागतात? वर्षात ०.२० चा ०.२५ झाला, तर दुप्पट व्हायला तीन वर्षांहून जास्त लागतील. चार महिन्यांत ०.२ चा ०.४ झाला, तर थांबायला वेळ नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या रुग्णांवरच्या १९९९च्या अभ्यासात पीएसए वाढल्यापासून कॅन्सर शरीरात इतरत्र दिसेपर्यंतचा मध्यक (सगळ्यांच्या मधोमध येणारा) काळ आठ वर्षांचा होता.

शिवाय याच टप्प्यावर प्रोस्टेटच्या जागी रेडिएशन देऊन कॅन्सर बरा होण्याची संधी असते, आणि पीएसए जितका कमी तितकी ती मोठी. शक्यतो ०.५ च्या आतच द्यावं. इतक्या कमी आकड्याला पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते शोधणारा स्कॅन) अनेकदा कोराच येतो; ‘स्कॅनमध्ये दिसेल तेव्हा बघू’ म्हणून थांबलात, तर ही संधी हातची जाते. पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट आणि तारखांसह पीएसएचे सगळे आकडे एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.