नाक ओलं आहे म्हणून सेप्सिस नाही? चूक आहे

पावसाळा लागला की गोव्यातल्या प्राणीप्रेमींच्या ग्रुपांवर हा संदेश पुन्हा फिरू लागतो: ‘कुत्र्या-मांजराचं नाक ओलं आणि अंग थंड असेल तर इन्फेक्शन नाही. सेप्सिस म्हणजे रक्तात पू, जखम नसेल तर तो होत नाही. मरगळ वाटली तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या आणि दोन दिवस वाट पाहा.’ यातलं एकही वाक्य खरं नाही. शेवटचं तर जीवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

500 मिलिग्रॅमची अर्धी गोळी चार किलोच्या मांजराला दिली, तर किलोमागे साठ मिलिग्रॅमच्या वर औषध पोटात जातं. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. मांजराला पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोसच नाही. कुत्र्याला आयबुप्रोफेनही देऊ नका: पोटात अल्सर होतात आणि रक्तदाब उतरलेला असेल तर किडनी झपाट्याने बिघडते.

‘जखम नाही, मग सेप्सिस नाही.’ जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागले, की तो सेप्सिस. माणसांसाठी ही व्याख्या 2016 साली ठरली, आणि पशुवैद्यही आता त्याच दिशेने विचार करतात. रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असं नाही. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत पू साठू शकतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. ती नुसती पाणी फार पिते, ओकते, जेवण सोडते. पार्व्हो (आतड्यांवर हल्ला करणारा विषाणू) झालेल्या पिल्लाच्या आतड्याचं अस्तर झडतं आणि आतले जंतू रक्तात शिरतात. बोक्यांच्या भांडणातला चावा वरून टाचणीएवढा दिसतो, खपली धरते आणि आत गळू वाढत राहतं.

‘अंग थंड, म्हणजे बरं.’ नाकावरून ताप कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर व्हॅसलीन लावून गुदद्वारात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत धरा. कुत्र्यात 38.1 अंश सेल्सिअसच्या खाली किंवा 39.2 च्या वर, मिनिटाला नाडी 120 च्या वर, श्वास 20 च्या वर, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी 6,000 पेक्षा कमी किंवा 16,000 पेक्षा जास्त: यांतल्या दोन गोष्टी जुळल्या आणि संसर्गाचा संशय असेल, तर सेप्सिस धरून चालतात. मांजरात तापमान 37.8 च्या खाली किंवा 39.7 च्या वर, नाडी 140 च्या खाली किंवा 225 च्या वर, श्वास 40 च्या वर. पांढऱ्या पेशी धरून चारांतल्या तीन गोष्टी लागतात. म्हणजे थंडगार पडलेलं, मंद नाडीचं मांजर हे बरं होत असलेलं मांजर नव्हे. मात्र आपल्याकडच्या दमट उकाड्यात धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा श्वास नुसताच 20 च्या वर जातो, एकट्या आकड्याने घाबरू नका. तो निजलेला असताना अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा.

‘हिरड्या लालभडक, म्हणजे रक्त भरपूर’ हा आणखी एक गैरसमज. ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा, सोडा. पांढरा पडलेला ठिपका एक-दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. कुत्र्यात सेप्सिसच्या सुरुवातीला हिरडी विटेसारखी लाल होते आणि ठिपका सेकंदाच्या आत भरतो, कारण रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. पुढे ती फिकट पडते, ठिपका दोन सेकंदांपेक्षा जास्त घेतो. मांजर बहुधा लाल टप्पा दाखवतच नाही, थेट फिकट किंवा पिवळसर होतं. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

पांढऱ्या पेशी कमी आल्या, म्हणजे इन्फेक्शन नाही, असंही सांगितलं जातं. जोराच्या संसर्गात त्या खर्ची पडतात, म्हणून रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली बघून कच्च्या पेशी शोधाव्या लागतात. पोटाच्या पोकळीत पाणी साठलं असेल तर त्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडतात. पोटातली डेसिलिटरमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कमी निघाली तर तिथे जंतू असण्याचा दाट संशय.

दोन दिवस तर सोडाच, सकाळपर्यंतही थांबू नका. वाळपईहून पणजी गाठायलाच रात्री पावसात तासभर सहज जातो, आणि चवथीच्या सुट्टीत कुठला दवाखाना उघडा आहे हे फोनवरच विचारून निघावं लागतं. फोनवर तापमान, हिरडीचा रंग, ठिपक्याचे सेकंद आणि शेवटचा माज कधी झाला ते सांगा. तोंडात बळेच पाणी ओतू नका, घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका. दिलंच असेल तर पाकीट सोबत घ्या.