सत्तेचाळीस ऐकलं, चौऱ्याहत्तर उमटलं

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यानामं आली आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जोडाक्षरांमुळे मुलांना येणारी अडचण सांगत होत्या, पण बोलणं भाषेच्या अस्मितेवर गेलं. आता मुलं मोबाइलवर बेरीज-वजाबाकीचे खेळ खेळतात, तर वाद ‘मोबाइल द्यावा की नाही’ एवढ्यावरच थांबलाय. मूल नेमकं कुठे चुकतंय, हे तेव्हाही फारसं कुणी पाहिलं नाही आणि आताही पाहत नाही.

जर्मनीत हा प्रश्न शाळेत रोज भेटतो, कारण जर्मनही मराठीसारखेच एकक आधी बोलतात: सत्तेचाळीस म्हणजे ‘सात आणि चाळीस’. कागदावर मूल डावीकडे जागा सोडून आधी ७ लिहितं, मग त्या जागेत ४. पडद्यावरच्या कळफलकावर ही सोय नाही. ऐकल्याबरोबर ७ दाबला की तो डावीकडे बसतो आणि ७४ उमटतं. खेळ ‘चूक’ म्हणतो, मुलाला वाटतं आपल्याला बेरीजच येत नाही. नॉर्वेने १९५१ साली दशक आधी बोलायची पद्धत अधिकृत केली, तरी घरोघरी जुनी टिकून आहे. जर्मनीत बोखुमचे गणितज्ञ लोथार गेरित्सेन यांच्या पुढाकाराने दशक आधी बोलण्याची मुभा मागणारी, ‘वीस-एक’ याच अर्थाच्या नावाची संस्था उभी राहिली. तिच्याशी सहमत नसलेलेही अडचण खरी आहे हे मानतात. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हावं.

उपाय साधा आहे. दशक आणि एकक यांच्यासाठी वेगवेगळे चौकोन असलेला, कुठलाही चौकोन आधी भरू देणारा खेळ निवडावा. तसा नसेल तर वीसच्या पुढे आवाज बंद करून फक्त अंक दाखवावेत. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी आवाजाचा खेळ दिला, तर तिथे ‘फोर्टी सेव्हन’ सरळ जुळतं आणि वर्गात सत्तेचाळीस आलं की गोंधळ परत येतो.

घड्याळ लावलेले खेळ पहिलीत तर नकोतच. जर्मनीत पहिलीला वीसपर्यंतच्या संख्या असतात आणि सगळा भर दहा ओलांडण्यावर असतो: ८ + ५ म्हणजे ८ ला २ देऊन दहा, उरले ३, झाले १३. वेळ पळू लागला की मूल हे सोडून बोटांवर येतं. मग ‘आठ, नऊ, दहा, अकरा, बारा’ म्हणत आठलाच पहिलं बोट मोजतं आणि १२ दाबतं. बेरजेत उत्तर एकाने कमी आणि वजाबाकीत एकाने जास्त (१२ - ४ = ९) असं वारंवार दिसलं, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. आणखी पन्नास गणितं सोडवून ते जात नाही. पाच लाल, पाच पांढरे अशा रंगांनी ओवलेली वीस मण्यांची माळ, नाहीतर चिंचोके घेऊन दहा पुरे करायला शिकवावं लागतं.

चार पर्यायांतून उत्तर निवडायचे खेळ तर तपासणीच्या कामाचेच नाहीत, डोळे मिटून दाबलं तरी चारातलं एक बरोबर येतं. उत्तर स्वतः भरायला लावणारा खेळ घ्यावा. हातच्याची वजाबाकी सुरू झाली की ४२ - १७ = ३५ हे उत्तर येतं का ते पाहावं: मूल ७ मधून २ काढतंय. अशा वेळी लाल फुली दाखवणारा खेळ काहीच शिकवत नाही. एक दशक सुटून दहा सुटे होताना दाखवणारा शिकवतो. दहा मिनिटं खेळ, मग त्याच जातीची तीन गणितं पाटीवर. पाटीवर जमली नाहीत तर खेळातल्या चांदण्यांवर विसंबू नये.

मराठी आवाजाचे खेळ बनवणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण आहे, जी जर्मनांनाही नाही. एकोणपन्नास ऐकून मूल पन्नासचा ५ दाबतं. तिथे पन्नास मण्यांची माळ दाखवून शेवटचा मणी बाजूला सरकवावा, आणि मगच ४९ लिहू द्यावं.